गोदाकाठाहून अमृतसरला

नांदेड आणि अमृतसर या दोन नगरांमधील सरळ अंतर काढणे हे शाळकरी मुलालाही साधावे असे गणित आहे. नांदेडचा अक्षांश सुमारे 19.2, अमृतसरचा सुमारे 31.7, म्हणजे उत्तरेकडे साडेबारा अंश जावयाचे, आणि एका अंशाला 111 किलोमीटर या हिशेबाने ते 1,390 किलोमीटरांच्या घरात जातात. रेखांशांचा फरक पश्चिमेकडे अडीच अंशांचा. या दोन नगरांच्या मधल्या पट्ट्यात एका रेखांशाची रुंदी स्थूलमानाने शंभर किलोमीटर धरली तर ते अडीचशे किलोमीटर झाले. या दोन भुजांवरचा कर्ण काढला की उत्तर येते सुमारे 1,410 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अकोल्याजवळून वर चढते, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून माळव्यात शिरते, जयपुरास जवळजवळ स्पर्श करते आणि मग पंचनदाच्या सपाट प्रदेशात उतरते. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणारे जेट विमान एवढी मजल पावणेदोन तासांत मारील. चढण, उतरण आणि धावपट्टीवरची चाल धरली तरी सव्वादोन तासांच्या वर जाण्याचे कारण नाही.

परंतु या रेषेवरून माणसे जेव्हा खरोखर गेली, तेव्हा त्यांना लागलेला काळ प्रत्येक युगात निराळा होता, आणि तो केवळ वाहनाच्या वेगावर अवलंबून नव्हता. नियमितपणे जाणारे काही आहे की नाही, आणि आज गेलेले वाहन उद्याही जाईल हा भरवसा आहे की नाही, यावर दोन गावांचे जवळ असणे वा दूर असणे ठरत आले आहे. मराठवाड्यासारख्या प्रदेशाला, ज्याच्या वाट्याला लोहमार्गही उशिरा आला आणि विमानही अधूनमधूनच आले, हे सांगावे लागू नये इतके ते अनुभवाचे आहे. नांदेड आणि अमृतसर यांच्यामधील वाटेचा इतिहास मी येथे मांडतो तो याच दृष्टीने.

या वाटेवरचा पहिला मोठा प्रवासी मराठवाड्यातून उत्तरेकडे गेला, ही गोष्ट आपण मराठी माणसे पुष्कळदा विसरतो. संत नामदेवांचे नाव ज्या नरसी गावाशी परंपरेने जोडले आहे ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे, नांदेडच्या अगदी शेजारच्या मुलखात. तेथून पंढरपूर, आणि पंढरपुराहून तीर्थयात्रा करीत करीत नामदेव पंजाबात पोहोचले, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी दीर्घकाळ राहिले, आणि तेथील लोकांनी त्यांना आपले मानले. चौदाव्या शतकातील या पायी प्रवासाला किती महिने लागले असतील याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही; परंतु त्याचे फळ मात्र लेखी स्वरूपात उरले आहे. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी अमृतसर येथे जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदे समाविष्ट झाली. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात ती 61 आहेत. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील एका शिंप्याची वाणी, बाराशे-चौदाशे किलोमीटरांचा पल्ला ओलांडून, हरिमंदिरात गायली जाऊ लागली. 

आणि पुढे एकशेचार वर्षांनी तीच वाणी ग्रंथासह पुन्हा गोदावरीच्या काठी आली. 1707 साली औरंगजेब निवर्तल्यानंतर दिल्लीचे तख्त बहादूरशहाच्या हाती गेले; त्याच वर्षी जुलै महिन्यात आग्रा येथे गुरू गोविंदसिंगजींची आणि त्याची भेट झाली. बादशहाचा धाकटा भाऊ कामबक्ष दक्षिणेत बंड करून उठला होता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी शाही लष्कर मजल दरमजल करीत खाली उतरले, आणि गुरूही आपल्या अनुयायांसह त्याच्या जोडीने राजपुतान्यातून, बुऱ्हाणपुरावरून, तापी ओलांडून 1708 च्या पावसाळ्यात नांदेडला येऊन थांबले. आग्र्याच्या भेटीपासून नांदेडपर्यंत सुमारे वर्षभराचा काळ. लष्कराच्या चालीला बैलाची गती असते. तोफा, तंबू, बाजारबुणगे आणि वाटेतल्या नद्यांचे पूर यांच्या हिशेबानेच ते चालते. येथे एक भौगोलिक योग मला नेहमी विस्मयकारक वाटत आला आहे. दिल्ली आणि नांदेड ही दोन्ही नगरे जवळजवळ एकाच रेखांशावर, 77 अंशांच्या थोडी पुढे आहेत. म्हणजे दिल्लीच्या तख्ताचा दक्षिणेकडचा सरळ लंब सोडला तर तो नांदेडच्या गोदातटावर येऊन टेकतो.

नांदेडला पुढे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. माधोदास नावाचा बैरागी येथे गुरूंना शरण आला आणि बंदासिंग बहादूर होऊन उत्तरेकडे रवाना झाला. एका पठाणाने गुरूंवर घाव घातला, त्या घावाचे निमित्त होऊन ऑक्टोबर 1708 मध्ये, कार्तिक शुद्ध पंचमीस, त्यांनी देह ठेवला. आणि त्यापूर्वी यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, अशी आज्ञा केली. ज्या ग्रंथाला ही गादी मिळाली त्यात नामदेव होते. नांदेडच्या कारागिरांना, व्यापाऱ्यांना वा शेतकऱ्यांना त्या दिवशी याची जाणीव असणे संभवत नाही. पण नरसीहून निघालेली वाणी पंजाब करून, साडेतीन शतकांनंतर, आपल्या जन्मभूमीच्या शेजारी गुरुपदावर आरूढ झाली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील अत्यंत हृद्य घटनांपैकी एक आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. बंदासिंग मात्र त्याच वाटेने उलट दिशेला गेला, आणि नांदेड सोडल्यापासून दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, मे 1710 मध्ये, त्याने सरहिंद जिंकले. त्या काळी एवढ्या अंतराचा अर्थ काय होता हे कळण्यास आग्र्याच्या भेटीपासून नांदेडला येईपर्यंत गेलेले वर्ष आणि नांदेडहून निघून सरहिंद घेईपर्यंत गेलेली ही सुमारे पावणेदोन वर्षे, हे दोन अवधी पुरेसे आहेत.

कालांतराने नांदेड निजामाच्या अंमलाखाली आणि अमृतसर शीख सरदारांच्या, पुढे महाराजा रणजितसिंगांच्या राज्यात, असे राहिले. मधला मुलूख मराठ्यांचा, राजपुतांचा आणि नंतर इंग्रजांचा. अशाही स्थितीत रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू उभी केली. स्वतः महाराज कधी नांदेडला आले नाहीत. पैसा आला, कारागीर आले. हैदराबादच्या दरबारी दिवाण चंदूलाल हा पंजाबी मूळ असलेल्या खत्री घराण्यातला. त्याच्या विनंतीवरून लाहोरच्या शीख फौजेची पथके निजामाच्या मुलखात आली आणि त्यांतले पुष्कळ जण येथेच स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांना आज दख्खनी शीख म्हणतात. नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात फिरताना मराठी आणि दख्खनी हिंदी सारख्याच सहजतेने बोलणारे, पगडी बांधलेले दुकानदार भेटतात; पंजाबातून आलेल्या यात्रेकरूला ते आपलेच वाटतात आणि नांदेडकरालाही आपलेच वाटतात. या दोन नगरांना जोडणारा खरा पूल म्हणजे ही माणसे. निजामाची राजवट संपल्यावर 1956 साली हैदराबाद राज्यात नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, तोही याच परंपरेच्या व्यवस्थेसाठी.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मनमाड ते सिकंदराबाद ही मीटर गेज वाट उघडली आणि नांदेड प्रथमच लोहमार्गावर आले. तथापि पंजाबहून येणाऱ्याला मनमाडला ब्रॉड गेजच्या गाडीतून उतरून, सामानसुमान उचलून, लहान रुळांच्या गाडीत बसावे लागे. जवळजवळ नव्वद वर्षे ही मनमाडची अडचण कायम होती. गाडीचा मेळ न साधला तर यात्रेकरूंनी मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात मुक्काम करावा, आणि तेथल्या लंगरात जेवावे, अशी रीत पडली. 1990 च्या दशकात मनमाडपासून मराठवाड्यात रुंद रूळ आले, आणि नांदेडला निघालेली गाडी प्रवाशाला न उतरवता अमृतसरला पोहोचू लागली. सचखंड एक्सप्रेस ती हीच.

ही गाडी सकाळी नांदेडहून निघते. तिचा मार्ग नकाशावर पाहण्यासारखा आहे. सरळ रेघ उत्तरेकडे जाते, गाडी मात्र आधी वायव्येला परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडपर्यंत जाते, तेथून वळून भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली असा पूर्वेकडचा फेर घेते आणि मग अंबाला, लुधियाना, जालंधरवरून अमृतसरला पोहोचते. 1,410 किलोमीटरांचे सरळ अंतर तिच्या रुळांवर सुमारे 2,080 किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ दीडपट, आणि दुसऱ्या दिवसाची रात्र पडेपर्यंत तेहेतीस-चौतीस तास जातात. वाटेत अनेक स्थानकांवर सेवेकरी शिजवलेले अन्न घेऊन उभे असतात. डाळ, भाजी, पोळी, भात, आणि ते सर्व प्रवाशांना, कोण कोणत्या धर्माचा याची विचारपूस न करता, विनामूल्य वाढले जाते. भारतात इतरत्र कोठे लांब पल्ल्याच्या गाडीत माणसे घरचा डबा-ताट घेऊन अन्नासाठी निर्धास्त बसत असतील असे मला वाटत नाही. चौतीस तासांचा हा प्रवास कष्टाचा असला तरी एकट्याचा नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात न छापलेली ही सेवा दिवसानुदिवस चुकत नाही, म्हणून अमृतसर नांदेडकरांना दूर वाटत नाही.

विमान आले ते याच्या पुष्कळ नंतर. 2008 साली ग्रंथाला गुरुपद मिळाल्याची, म्हणजे गुरुता गद्दीची, त्रिशताब्दी झाली. त्या निमित्ताने नांदेड शहराचे रस्ते, पूल, घाट यांची केंद्राच्या नागरी नवनिर्माण योजनेतून मोठी कामे झाली आणि विमानतळाचेही रूप पालटले. त्याला गुरू गोविंदसिंगजींचेच नाव आहे. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेचा आरंभ झाला तेव्हा सिमल्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाबरोबरच त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. सरळ अंतर अवघे अडीचशे किलोमीटर, पंख्यांचे विमान ते तासाभरात काटू शके. आणि 23 डिसेंबर 2017 रोजी एअर इंडियाचे विमान नांदेड आणि अमृतसर यांच्यामध्ये थेट उडाले. आठवड्यातून दोन दिवस. 

ही घटना नांदेडच्या दृष्टीने ऐतिहासिक होती, असे म्हणताना मला अतिशयोक्ती केल्यासारखे वाटत नाही. सव्वादोन तासांचे ते उड्डाण ज्यांच्यासाठी होते त्यांत मुख्यतः वृद्ध होते: गुडघे दुखणारे, मधुमेह असणारे, दोन दिवस आणि एक रात्र बाकावर काढणे ज्यांच्या प्रकृतीला झेपत नाही आणि तरी आयुष्यात एकदा हुजूर साहिबचे दर्शन घ्यावे अशी ज्यांची आस आहे. त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी 2018 मध्ये, अमृतसर आणि बर्मिंगहॅम यांच्यामध्येही थेट विमान सुरू झाले, आणि इंग्लंडात स्थायिक झालेल्या कुटुंबांना नांदेडपर्यंतची वाट दोन उड्डाणांवर आली. डिसेंबर-जानेवारीत अमृतसरला दाट धुके पडते आणि वेळापत्रक कोलमडते, ही अडचण होतीच. शिवाय आणखी एक सूक्ष्म भेद या प्रवासात आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच. पण सूर्य एक नाही. अमृतसर पश्चिमेला असल्याने तेथील माध्यान्ह नांदेडपेक्षा दहा मिनिटे उशिरा होते, आणि उत्तरेला असल्याने पौषातला दिवस नांदेडच्या दिवसापेक्षा जवळजवळ एका तासाने लहान असतो. दोन तासांत एवढा सूर्य बदलतो.

मार्च 2020 मध्ये हे सर्व एका दिवसात थांबले. टाळेबंदी झाली तेव्हा होला मोहल्ल्याच्या सणानिमित्त आलेले आणि इतर असे सुमारे चार हजार पंजाबी यात्रेकरू नांदेडला अडकले. विमान नाही, सचखंड नाही, रस्त्यावर नाके. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत ते राहिले, लंगरात जेवले, आणि दिवसामागून दिवस गेले. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारने बसगाड्या धाडल्या आणि त्या गाड्यांतून ही माणसे रस्त्याने घरी गेली. त्यांपैकी पुष्कळांना पुढे संसर्ग झाल्याचे आढळून आले आणि त्यांच्या वाट्याला विलगीकरण आले. सव्वादोन तासांची वाट महिन्याहून अधिक लांबली. नांदेडच्या लोकांनी त्या महिन्यात जे केले, या यात्रेकरूंना परके मानले नाही, त्याबद्दल या शहराचा मला अभिमान आहे. विमानसेवा त्यानंतर पुन्हा सुरू होऊन पुन्हा थांबली. 31 मार्च 2024 रोजी स्टार एअर या कंपनीने नांदेडहून दिल्लीजवळील हिंडण आणि तेथून जालंधरजवळील आदमपूर अशी 76 आसनांच्या विमानाची सेवा आरंभिली. नांदेडपासून हिंडण बरोबर उत्तरेला, त्याच 77 अंशांच्या रेखांशावर, सुमारे 1,060 किलोमीटर. हिंडणपासून आदमपूर सुमारे 340. दोन्ही टप्पे मिळून चौदाशे किलोमीटर. आदमपुरास उतरल्यावर अमृतसर मोटारीने गाठावे लागते. म्हणजे आकाशातील अंतर जवळपास तेवढेच राहिले, मात्र शेवटचा पल्ला पुन्हा जमिनीवर आला.

येथे लातूरची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण आम्हां लातूरकरांना नांदेडचे विमान हे देखील दूरच आहे. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारे 115 किलोमीटर. तुळजापूर-नागपूर महामार्गाने, चाकूर, अहमदपूर आणि लोहा करीत गेले तर 140 च्या आसपास. आगगाडीने जावयाचे झाल्यास लातूर रोड, परळी, परभणी असा वायव्येचा वळसा घालून मग पूर्वेला यावे लागते. लातूरला स्वतःचा विमानतळ आहे, धावपट्टी आहे; नियमित प्रवासी विमान मात्र नाही. 2009 च्या सुमारास शासनाने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे सोपविले, तेव्हा लातूरमध्ये जी आशा निर्माण झाली होती ती फलद्रूप झाली नाही. लातूरचा वृद्ध यात्रेकरू आजही तीन तास मोटारीने नांदेडला जाऊन मग विमानात बसतो, आणि वाट पाहण्यात जे तास जातात ते वेगळेच.

लातूरने अंतराचा अनुभव याहून कठोर रीतीने घेतलेला आहे. निजामाच्या अंमलात, बार्शीहून येणारी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या वाटेत इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख यांची सरहद्द होती, सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, आणि तरीही धान्य-कापसाचा व्यापार वाढून लातूर ही मोठी बाजारपेठ झाली. 1917 साली उभारलेली गंजगोलाई, जिच्याकडे सोळा रस्ते येतात, ती त्या वाढीची खूण आहे. ही अरुंद वाट शतकभर पुरली. ब्रॉड गेज झाल्यावर आठ-नऊ वर्षे जेमतेम लोटली होती तोच याच रुळांनी 2016 च्या दुष्काळात लातूरला पाणी आणले. 11 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून ती गाडी निघाली आणि सुमारे 342 किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर, आणि शंभराहून अधिक फेऱ्या. त्या उन्हाळ्यात मिरज लातूरच्या अगदी दाराशी आली होती. गाडी रोज येईल हा विश्वास लोकांना होता म्हणून. पहिल्या फेरीचे स्वागत झाले, छायाचित्रे निघाली. शहर जगले ते मात्र विसाव्या आणि पन्नासाव्या फेरीवर.

विमानसेवेच्या बाबतीत मराठवाड्याला नेमकी हीच विसावी आणि पन्नासावी फेरी मिळत नाही. उद्घाटन होते, पुष्पहार होतात, काही महिने विमान येते, आणि मग प्रवासी कमी, मुदत संपली, विमान अन्यत्र वळविले अशा कारणांनी बंद होते. ज्या कुटुंबाने आईला घेऊन कार्तिकात जावयाचे म्हणून वर्षभर आधी बेत केला, त्याला विमान असणार की नाही हेच ठाऊक नसते. मग ते गाडीचे आरक्षण करतात, आणि विमान रिकामे गेले असा निष्कर्ष कंपनीच्या दफ्तरात नोंदला जातो.

या वाटेवर जाणारे फक्त पंजाबी आहेत हा समजही आता सोडला पाहिजे. एप्रिल 2015 मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 88 वे अधिवेशन घुमानला भरले, आणि हजारो मराठी माणसे नामदेवांच्या त्या गावाला जाऊन आली. तेव्हापासून मराठवाड्यातील दिंड्या, शिंपी समाजाची मंडळी, अभ्यासक घुमानला जाऊ लागले आहेत. घुमान अमृतसरपासून काही फार दूर नाही. कार्तिक शुद्ध पंचमीला नांदेडला गुरूंच्या महानिर्वाणाचा दिवस, आणि अवघ्या सहा दिवसांनी, कार्तिक शुद्ध एकादशीला, नामदेवांची जयंती. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच पंजाबची माणसे दक्षिणेला आणि मराठवाड्याची माणसे उत्तरेला निघण्याचा हा काळ. वेळापत्रक करणाऱ्यांनी पंचांगाचे हे एक पान समोर ठेवून निदान आश्विनाच्या अखेरीपासून मार्गशीर्षापर्यंत नांदेड-अमृतसर थेट विमान दरवर्षी त्याच वारांना, त्याच वेळांना ठेवावे, त्याची घोषणा चैत्रातच करावी, आणि लातूरहून नांदेडच्या विमानतळापर्यंत उड्डाणाच्या वेळेशी मेळ घालणारी एक बस रोज सोडावी. जाताना नरसी, हिंगोली, लातूर, उदगीरची मंडळी बसतील, येताना तरणतारण, बटाला, गुरदासपूरची. आसने दोन्ही बाजूंनी भरतील.